नगरची विद्यार्थिनी, मद्रासचा वर्ग



यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावतीच्या काठच्या या गावी व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने वऱ्हाडातील एखाद्या लेखिकेविषयी बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. आणि वाशीमला 1907 साली जन्मलेल्या, 1936 साली ‘निखळलेली हिरकणी’ लिहून शिकलेल्या स्त्रीच्या संसाराची निर्भीड चिकित्सा करणाऱ्या गीता साने यांच्यासारखी कादंबरीकार शेजारच्याच जिल्ह्याची असताना ती अधिकच रास्त ठरते. तरीही मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती लेखिका या मुलखातली नाही, तिची पुस्तके मराठीत लिहिलेली नाहीत, आणि मराठी वाङ्मयेतिहासाच्या रूढ फेरिस्तात तिच्या नावाची नोंद सहसा आढळत नाही. ती अहमदनगरला मराठी घरात जन्मली, मद्रासला वैद्यक शिकायला गेली, तेथेच राहिली, आणि शिकणाऱ्या मुलीची कथा त्या मुलीच्याच तोंडून सांगणारी कादंबरी तिने इंग्रजीत लिहिली. तिचे नाव कृपाबाई सत्यनाथन. माहेरचे आडनाव खिस्ती. कादंबरीचे नाव ‘सगुणा’.

इंग्लंड-अमेरिकेत मुलींच्या महाविद्यालयीन जीवनावरील कादंबरी हा एक स्वतंत्र प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. वासार या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकलेल्या हेलन डॉज ब्राउन हिने 1886 साली दोन विद्यार्थिनींची कथा प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी एल. टी. मीड या भाराभर लिहिणाऱ्या बाईने इंग्लंडातील पदवीच्या मार्गावरील मुलीची कथा लिहिली. आणि पुढे वासारच्याच जीन वेबस्टरने 1912 साली ‘डॅडी लाँग लेग्ज’ लिहून या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले. या पुस्तकांतले जग वसतिगृहाचे आहे. एका खोलीत राहणाऱ्या दोघींचे रुसवेफुगवे, रात्री दिवे मालवल्यावर चोरून केलेला फराळ, परीक्षेची धास्ती, एखाद्या प्राध्यापिकेविषयीची भक्ती, श्रीमंत मुलीचा तोरा आणि गरीब मुलीचा ताठा असा त्यांचा ऐवज असतो. मला ही पुस्तके आवडतात. पण त्यांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मुलीने तेथे असावे की नाही हा वाद कादंबरीचे पहिले पान उघडण्याआधीच निकालात निघालेला आहे. कृपाबाईंच्या वाट्याला हे सुख आले नाही. हेलन ब्राउनचे पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1887 मध्ये, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून ‘सगुणा’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्यात वसतिगृह नाही, मैत्रिणींचा घोळका नाही, मध्यरात्रीचा फराळ तर नाहीच नाही. वर्गापर्यंत पोहोचण्याची वाट हीच त्या कादंबरीची कथावस्तू आहे, आणि वर्ग येतो तेव्हा पुस्तक बरेचसे संपत आलेले असते.

थोडे चरित्र सांगणे प्राप्त आहे. कृपाबाईंचा जन्म 1862 सालचा. वडील हरिपंत खिस्ती हे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभकाळात ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. आई राधाबाई पतीमागोमाग, परंतु मनाविरुद्ध आणि मोठ्या यातना सोसून, त्या धर्मात आलेली. घर मुलाबाळांनी भरलेले, आणि वडील कृपाबाई लहान असतानाच वारलेले. त्यानंतर त्या घरात कर्त्याची, गुरूची आणि सख्याची अशी तिन्ही ठिकाणे थोरला भाऊ भास्कर याने घेतली. त्याने बहिणीला पुस्तके दिली, डोंगरमाळावर सोबत फिरवले, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घातला. आणि तोही ऐन तारुण्यात गेला. पुढे दोन युरोपीय मिशनरी स्त्रियांच्या देखरेखीखाली काही काळ, मग मुंबईला जनाना मिशनच्या शाळेत, असे तिचे शिक्षण झाले. मुंबईत एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या सहवासात आपण वैद्यक शिकावे, पडद्यातील स्त्रियांना पुरुष वैद्य पाहू शकत नाही त्यांच्यासाठी शिकावे, असे तिच्या मनाने घेतले. विलायतेस जाण्यासाठी शिष्यवृत्तीची तजवीज झाली होती. प्रकृती तोळामासा म्हणून तो बेत रद्द करावा लागला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 1875 पासून स्त्रियांना प्रवेश द्यावयास आरंभ केला होता, पुढे नामांकित झालेल्या मेरी शार्लिब या तेथल्या पहिल्या तुकडीतल्या. तेव्हा 1878 मध्ये सोळा वर्षांची कृपाबाई मद्रासला आली आणि रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी राहून महाविद्यालयात जाऊ लागली.

येथे एक साल ध्यानात ठेवावे. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या त्या 1883 मध्ये. त्यांच्या पाच वर्षे आधी एक मराठी मुलगी याच देशात वैद्यकाच्या वर्गात बसली होती. आनंदीबाईंचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि ते असावेही. त्या पदवी घेऊन आल्या, आल्या त्या मरणासाठीच आल्या, आणि काशीबाई कानिटकरांसारखी चरित्रकार त्यांना 1889 साली लाभली. कृपाबाईंना पदवी मिळाली नाही. पहिल्या वर्षी त्यांनी वर्गात उत्तम यश मिळवले, बक्षिसे घेतली, आणि वर्ष संपता संपता प्रकृतीने दगा दिला. अभ्यास सोडून त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या. इतिहासाच्या दफ्तरात यशाची नोंद पदवीच्या सनदेवर होते. अर्धवट राहिलेल्या वर्षाचा दाखला कोणी देत नाही. मात्र त्या अर्ध्या राहिलेल्या वर्षाचीच कादंबरी झाली. आनंदीबाई 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या आणि त्याच साली ‘सगुणा’ छापली जाऊ लागली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो: एकीचे चरित्र तिसऱ्याच स्त्रीने लिहिले, दुसरीने आपली कैफियत स्वतःच मांडली.

आता पुस्तकाकडे वळू. ‘सगुणा’चा पूर्वार्ध आईवडिलांच्या कथेला दिलेला आहे. हरिचंद्र आणि राधा ही नावे बदललेली, पण माणसे तीच. या भागात राधेचे चित्र जसे उतरले आहे तसे त्या काळच्या मराठी कादंबरीतही क्वचित उतरले असेल. बालवयात लग्न होऊन सासरी आलेली मुलगी, नवऱ्याच्या धर्मांतराने एका रात्रीत सगळ्या गोतावळ्यातून तुटलेली, ज्याला ती विटाळ समजते त्याच घरात राहून आपले सोवळे सांभाळू पाहणारी, आणि हळूहळू, वादाने नव्हे तर सहवासाने, नवऱ्याच्या श्रद्धेकडे येणारी. लेखिका स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही आईच्या त्या हट्टाची चेष्टा करीत नाही. धर्मांतराच्या कथा पुष्कळ मिशनरी मंडळींनी लिहून घेतल्या, त्यांत आईसारख्या बायकांना बहुधा अंधारातून उजेडात आलेल्या बाहुल्यांचे काम दिलेले असते. येथे राधेला स्वतःचा अभिमान आहे, आणि तो लेखिकेने शाबूत ठेवला आहे.

मग मुलगी येते. घरात भावांचा धडा चाललेला आहे. मुलीला त्यात मुद्दाम कोणी बसवलेले नाही. ती कोपऱ्यातून ऐकते, आणि ऐकलेले तिच्या ध्यानात राहते. ज्या घरांत पुस्तके भावांसाठी येतात आणि बहिणीला ती उष्टी मिळतात, त्या घरांची ही गोष्ट आहे, आणि अशी घरे नगरला होती तशी ती दारव्हा-दिग्रसलाही होती. मिशनरी बायकांच्या छायेतील दिवसांचे वर्णन तर मला सर्वांत धीट वाटते. त्या बाया दुष्ट नाहीत, उपकार करण्याची त्यांना हौस आहे; परंतु उपकार करणाऱ्याच्या नजरेत समोरच्याची जी एक ठरलेली पायरी असते तिचा चटका या मुलीला बसतो, आणि लेखिका तो लपवीत नाही. सत्तेच्या धर्मात असलेल्या, सत्तेच्या भाषेत लिहिणाऱ्या आणि सत्तेच्या मंडळींनी चालविलेल्या मासिकात छापणाऱ्या पंचविशीतल्या स्त्रीने 1887 मध्ये हे लिहावे याला छाती लागते.

मद्रासचा भाग पानांनी लहान आहे. मुलगी एकटी परक्या प्रांतात येते, तेथली भाषा तिला येत नाही, एका पाद्र्याच्या घरात ती पाहुणी म्हणून राहते, आणि रोज सकाळी पुरुषांनी भरलेल्या वर्गाकडे निघते. या वर्गाच्या उंबरठ्यावरचा संकोच हा त्या पुस्तकाचा खरा मध्यबिंदू. तिला व्याख्यान समजेल की नाही ही भीती नाही, ते समजते. बक्षिसे मिळवण्याइतके समजते. भीती आहे ती पाहिले जाण्याची. शरीरशास्त्राच्या वर्गात ज्या मुलीचे स्वतःचे शरीर दुबळे आहे, आणि जिच्याकडे चारी बाजूंनी ‘ही किती दिवस टिकते’ अशा नजरेने पाहिले जात आहे, तिची ती अवस्था कोणत्याही वासारच्या कथेत सापडणार नाही, कारण तेथे सगळ्या मुलीच होत्या.

या ठिकाणी गुणदोषांचा हिशेब चुकता केला पाहिजे. ‘सगुणा’ ही बांधणीने सैल कादंबरी आहे. निसर्गवर्णने इंग्रज कवींच्या वाचनातून आलेली, काही ठिकाणी पाल्हाळाची. हिंदू संसाराविषयीचे काही उद्गार मिशनच्या चष्म्यातून पाहिलेले आणि म्हणून सरसकट. आणि शेवट लग्नात. केम्ब्रिजहून आलेल्या सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी कृपाबाईंचा विवाह झाला, तसाच कथेतल्या मुलीचाही होतो, आणि वैद्यकाचे अपुरे स्वप्न त्या मंगल प्रसंगाच्या आड जाते. वाचक म्हणून मला हा शेवट घाईचा वाटतो. कलाकृती म्हणून त्यांची दुसरी कादंबरी ‘कमला’ सरस आहे. एकांतात राहणाऱ्या शास्त्र्याच्या घरी वाढलेली मुलगी, सासरचा जाच, पत्नीला शिकवू पाहणारा आणि मग घरच्या टोमण्यांना शरण जाणारा नवरा, वैधव्य, आणि पुनर्विवाहाची संधी समोर असताना तिने दिलेला नकार, असा तिचा प्रवाह एकसंध आहे. ती 1894 साली पुस्तकरूपाने आली, आणि त्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई निवर्तल्या. तान्हे मूल आधीच गेले होते. ‘सगुणा’चे पुस्तक त्यांच्या मागे, 1895 मध्ये निघाले. तरीही सरस ‘कमला’ बाजूला ठेवून मी सदोष ‘सगुणे’ची बाजू घेतो, कारण ‘कमला’सारखी सासुरवाशीण दुसरे कोणी तरी लिहिणारच होते, आणि लिहिलेही: हरिभाऊ आपट्यांची यमुना 1890 पासून ‘करमणूक’मधून मराठी घरांत शिरली होती. वर्गात बसलेली मुलगी मात्र दुसऱ्या कोणी लिहिली नसती.

मग मराठीने तिला आपली का म्हटले नाही? कारण म्हणून इंग्रजीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण इंग्रजी हा कृपाबाईंचा शौक नव्हता. ज्या नगरात 1842 साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाला त्या नगरचे ख्रिस्ती मराठीतच बोलत, प्रार्थना करीत आणि लिहीत. कृपाबाई मद्रासला स्थायिक झाल्या, सासर दक्षिणेकडचे मिळाले, नवऱ्याच्या नोकरीमागे उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम अशा गावांत बिऱ्हाड हलत राहिले. त्या घरात उभयतांची सामाईक भाषा इंग्रजीच होती, आणि हाताशी असलेले मासिकही इंग्रजीच. तिच्या पुस्तकांचे तमिळ भाषांतर तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत झाले, यावरून तिला कोणी आपले म्हटले हे दिसते. तिच्याच नगरात राहिलेल्या, तिच्याच धर्माच्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला आणि मराठी वाचकाने धर्माचा प्रश्न न काढता तो डोक्यावर घेतला. तेव्हा कृपाबाईंच्या आड धर्म आला असे म्हणता येत नाही. आड आली ती आपली समजूत, की मराठी माणसाचा अनुभव मराठीत लिहिला तरच मराठीचा.

या समजुतीची किंमत आपल्या जिल्ह्यानेही मोजली आहे. यवतमाळला 2019 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. आक्षेपांपैकी एक असा होता की या बाई इंग्रजीत लिहितात. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणणारे विद्वान; पण तो तपशील त्या गदारोळात कोणाच्या कामी आला नाही. त्याच संमेलनाच्या अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या, ज्यांनी एकोणिसाव्या शतकातील विस्मृत स्त्रियांवर ‘विस्मृतिचित्रे’ लिहिले आहे. एका मांडवात आपण विस्मृतीवर लिहिणारीचा सन्मान केला आणि त्याच मांडवाच्या दारातून दुसरीला परत पाठवले, एवढेच म्हणून मी हा विषय सोडतो.

मराठी कादंबरीत महाविद्यालयीन मुलगी आली नाही असे नव्हे. ती झोकात आली. कृपाबाई वारल्या त्याच साली, त्यांच्याच नगर जिल्ह्यातील कर्जत येथे ना. सी. फडके जन्मले, आणि पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतून टेनिसची रॅकेट आणि नाजूक पातळ घेतलेली विद्यार्थिनी दोन पिढ्यांच्या वाचकांनी डोळे भरून पाहिली. फडक्यांच्या कारागिरीविषयी मला आदर आहे. परंतु ती मुलगी मागच्या बाकावरून पाहिलेली आहे. ती वर्गात काय ऐकते, कोणत्या पानावर अडते, घरी गेल्यावर तिला कोण काय बोलते याची वार्ता त्या बाकापर्यंत पोहोचत नाही. आतून लिहिणारी यावयास 1933 साल उजाडावे लागले. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेऊन ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले, पाठोपाठ 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’, आणि शिकून नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातले उघड्यावर आल्याबरोबर पुण्यामुंबईत जो हलकल्लोळ झाला तो सर्वश्रुत आहे. लेखिकेला कितीएक दिवस आपले खरे नाव झाकून ठेवावे लागले. कृपाबाईंनीही आरंभी ‘एक हिंदी स्त्री’ एवढीच सही करून मासिकांत लेख दिले होते. सगुणा आणि विभावरी यांच्यात सेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि या अंतरात आपल्याकडे मुलींच्या शाळा निघाल्या, स्त्रियांचे विद्यापीठ 1916 मध्ये निघाले, पदव्या मिळाल्या. शिकणारीने आपले शिकणे स्वतःच्या नावाने सांगावे ही सोय तेवढी झाली नव्हती. काशीबाई, गीताबाई, बाळूताई या मालिकेच्या आरंभी ‘सगुणे’ला बसवले की ही उणीव नजरेत भरते, म्हणूनच तिला तेथे बसवणे मला अगत्याचे वाटते.

येथे येताना एस.टी. स्थानकावर गणवेशातल्या मुलींची झुंबड पाहिली. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतून मुली या गावी येतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर त्यांच्याच नावांपुढे गैरहजेरीचे शेरे वाढतात, हे येथील कोणताही शिक्षक सांगेल. त्यांच्यापैकी जी पुढे यवतमाळ-अमरावतीला जाते, तिला प्रवेशाची अडचण कृपाबाईंइतकी नाही. पहिल्या दिवशी त्या मोठ्या वर्गाच्या दाराशी पाय अडखळणे, भाषा कळत असून तोंडातून न फुटणे, आणि प्रकृती वा पैसा यांपैकी काहीतरी दगा देऊन अभ्यास अर्ध्यावर तुटणे, हे मात्र आजही जसेच्या तसे आहे. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावर आपल्याकडे अहवाल निघतात. ते ज्या मुलीचे सुटले तिच्या बाजूने लिहिलेले हे एक पुस्तक एकोणिसाव्या शतकातच तयार आहे.

कृपाबाईंच्या मृत्यूनंतर मद्रासला त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकाच्या विद्यार्थिनीसाठी शिष्यवृत्ती आणि विद्यापीठात इंग्रजी विषयातील विद्यार्थिनीसाठी पदक ठेवण्यात आले. जन्मगावच्या प्रांतात त्यांचे असे काही व्हावे, तर ते पुस्तकांच्याच रूपाने व्हावे असे मला वाटते. दोन्ही कादंबऱ्या चंदानी लोकुगे यांच्या संपादनाने 1998 साली इंग्रजीत पुन्हा छापल्या गेल्या आहेत. मूळ पुस्तकांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्यामुळे भाषांतरासाठी कोणाची परवानगी काढावयाची नाही की कोणाला मानधन द्यावयाचे नाही. या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती एवढीच, की पुढील वर्षीच्या पाहुण्याच्या हारतुऱ्यावर होणारा खर्च वाचवून तालुक्याच्या ग्रंथालयात ‘सगुणे’च्या प्रती ठेवाव्यात, आणि येथल्या महाविद्यालयातील इंग्रजीच्या व मराठीच्या अध्यापकांनी मिळून तिच्यातील मद्रासचा भाग आपल्या विद्यार्थिनींकडूनच मराठीत करवून घ्यावा, पाने थोडी आहेत, एका सत्रात ते काम होण्याजोगे आहे.